बोल्ट पुढे जातो पण रायफल कॉक होत नाही: सिअरला कानस लावण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगता येईल. वडिलांची .३१५ बोअरची रायफल आता तुमच्या नावावर परवान्यावर आली आहे. निवडणुकीच्या काळात ती जमा केली होती. परत आल्यावर तुमच्या मेहुण्यांनी पुसूनपासून, तेल घालून, सगळे स्क्रू आवळून दिले. तेव्हापासून बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) पुढे ढकलून हँडल खाली पाडलं की तीन-चार वेळा व्यवस्थित कॉक होते, म्हणजे स्प्रिंग दाबली जाऊन झाडायला तयार होते, आणि मग एकदा होतच नाही. कॉकिंग पीस (बोल्टच्या मागच्या टोकाचा तुकडा) बोल्टसोबत सरळ पुढे निघून जातो आणि हाताला जोर लागतच नाही. दोनदा तर अशी अडकली की ट्रिगरही हलेना आणि हँडलही उचलेना. गावातला लेथवाला म्हणतो सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत कॉकिंग पीसला अडवून धरणारा तुकडा) झिजला आहे, कानशीने दात खोल करून देतो. तुम्ही विचारलं आहे की दात करून घ्यावा की स्प्रिंग बदलावी.

आत्ता दोन्ही करू नका. तुमच्या वर्णनावरून मला दोष पोलादात नसून लाकडात वाटतो. तसं का वाटतं ते सांगतो, आणि माझा अंदाज बरोबर की चूक हे तुम्हाला घरबसल्या कानस न लावता कसं ठरवता येईल तेही सांगतो.

मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. त्यातली बरीच वर्षं एनसीसीच्या .३०३ रायफली सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर एका परवानाधारक दुरुस्ती दुकानात काम करतो. .३१५ ही .३०३ चीच बहीण. .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सर्वसामान्य परवानाधारकासाठी त्याच ली-एनफिल्ड बांध्यावर वेगळ्या काडतुसाची ही रायफल ईशापूरला बनत आली. म्हणून .३०३ वर शिकलेलं बहुतेक सगळं हिला लागू पडतं. तुमची रायफल .३०-०६ ची मॉझर बांध्याची असती तर माझं उत्तर वेगळं असतं. त्याबद्दल शेवटी थोडं लिहितो.

हात लावण्याआधी एक गोष्ट. मॅगझिन काढून बाजूला ठेवा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. जिवंत काडतूस भरून ‘आता कॉक होते का’ हे कधीही बघू नका. या दोषात खरी भीती कॉक न होण्याची नाही. सिअरने जेमतेम कडेला धरून ठेवलेलं असतं, आणि हँडल खाली पडताना किंवा दस्त्याला धक्का लागला की ते सुटतं, ही खरी भीती आहे. तशा रायफलीत काडतूस असेल तर ट्रिगरला बोट न लावता गोळी जाते. हे तपासून पूर्ण होईपर्यंत ही रायफल भरायची नाही, मग शेतात डुक्करं शिरोत नाहीतर काही होवो.

आता यंत्रणा. ली-एनफिल्ड ‘बंद होताना’ कॉक होते. हँडल उचलताना स्ट्रायकर (काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई) थोडासाच मागे येतो. खरं काम बोल्ट पुढे ढकलतानाच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये होतं. तिथे सिअरचं नाक वर आलेलं असतं, ते कॉकिंग पीसच्या खालच्या खाचेला अडवतं. कॉकिंग पीस थांबतो, बोल्ट पुढे जात राहतो आणि मधली मोठी स्प्रिंग दाबली जाते. शेवटी हाताला जो जोर लागतो तो या स्प्रिंगचा. म्हणून या रायफलीत पहिलं मोजमाप तुमचा तळहातच करतो. जोर लागलाच नाही, तर सिअर वर आलाच नव्हता किंवा अर्धवट आला होता. जोर लागला आणि मग ‘कट्’ करून सुटला, तर सिअर वर आला होता पण धरून ठेवू शकला नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. तुम्ही लिहिलं आहे की जोर लागतच नाही. लेथवाल्याने हे विचारलं असतं तर त्याने कानशीचं नाव काढलं नसतं.

दोनदा जी अडकली तीही याच गोष्टीची खूण. कॉकिंग पीसला दोन खाचा असतात, एक पूर्ण कॉकची आणि दुसरी अर्ध्या कॉकची. पूर्ण खाच हुकली आणि सिअर त्याच क्षणी थोडा वर आला, की तो अर्ध्या खाचेत बसतो. त्या स्थितीत ट्रिगर आणि बोल्ट दोन्ही बंद राहतात, आणि ती रचना मुद्दामच तशी केलेली आहे. पुन्हा तसं झालं तर पक्कड घेऊन हँडलशी झटापट करू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, अंगठा आणि दोन बोटांत कॉकिंग पीस घट्ट धरून सरळ मागे ओढा, पूर्ण कॉकला बसला की हँडल आपोआप मोकळं होईल.

सिअर अर्धवटच का वर येतो? इथे लाकडाचा संबंध येतो. या बांध्यात सिअर रायफलीच्या पोलादी बॉडीला बसवलेला असतो, पण ट्रिगर बॉडीला नसतो. तो ट्रिगर गार्डला (ट्रिगरभोवतीच्या पोलादी कडीला) पिनने लटकवलेला असतो, आणि गार्ड व बॉडी यांच्यामध्ये असतं लाकूड. म्हणजे ट्रिगर आणि सिअर यांच्यातलं अंतर लाकडाच्या जाडीवर अवलंबून. लाकूड दबलं की गार्ड वर चढतो, ट्रिगर सिअरला कायमचा टेकतो आणि त्याला पूर्ण वर येऊ देत नाही. लाकूड फुगलं की उलट होतं: ट्रिगरचा मोकळा खेळ वाढतो, लांबलचक ओढावं लागतं. हा दोष ब्रिटिशांनाही माहीत होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नंबर ४ रायफलीत त्यांनी ट्रिगर गार्डवरून काढून थेट बॉडीलाच लटकवला, तो याच कारणाने. आपली .३१५ मात्र जुन्या रचनेवर चालली.

कोकणात हे फार बघायला मिळतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिल-मेमध्ये आकसतं. आकसलं की गार्डचे स्क्रू ढिले लागतात, माणूस ते आवळतो. पुढच्या पावसात तेच लाकूड पुन्हा फुगायला बघतं, पण वरून पोलाद आणि खालून पोलाद, मग आतले तंतू चिरडतात. उन्हाळ्यात परत ढिलं, परत आवळणं. दहा-पंधरा वर्षांत गार्ड लाकडात रुतत रुतत वर चढतो. त्यात रायफल नळी वर करून उभी ठेवायची सवय, म्हणजे बॉडीतलं सगळं तेल खाली लाकडात मुरतं आणि लाकूड स्पंजासारखं मऊ होतं. तेल दिल्यावर रायफल दोन दिवस नळी खाली करून ठेवावी, हे मी प्रत्येकाला सांगतो. मेहुण्यांनी सगळे स्क्रू आवळल्यावरच तुमचा त्रास सुरू झाला आहे, म्हणून माझा पहिला संशय इथेच जातो.

हे असंच आहे का, ते ठरवायला बोल्ट बाहेर काढा. हँडल उचलून पूर्ण मागे ओढा, बोल्ट हेडचा कान पट्टीवरून वर उचला, बोल्ट निघेल. निघाल्यावर हँडल किंवा कॉकिंग पीस उगाच फिरवू नका. फिरलं तर परत घालताना कॉकिंग पीसची खालची जीभ आणि बोल्टची लग (बाहेर आलेला उंचवटा) एका रेषेत आणावी लागते, नाहीतर बोल्ट आत जाणारच नाही. आता बॉडीच्या मागच्या बाजूने आत उजेड टाकून बघा. खालच्या फटीतून सिअरचं नाक वर आलेलं दिसेल. बांबूच्या काडीने ते खाली दाबा आणि सोडा. नीट बघा, कारण सगळं निदान या एका हालचालीत आहे.

नाक सावकाश, आळसावल्यासारखं वर आलं, तर चिकट मळ आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. चटकन आलं पण थोडं खालीच थांबलं, तर ट्रिगर त्याला अडवतो आहे, म्हणजे लाकूड आणि गार्ड. चटकन आलं, पूर्ण आलं, आणि तरीही बोल्ट लावल्यावर सुटतं, तर मात्र सिअरचं नाक किंवा कॉकिंग पीसची खाच खराब आहे. ‘पूर्ण’ म्हणजे किती, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून जाड कागदाची अरुंद पट्टी नाकाशेजारी उभी धरून उंचीवर पेन्सिलीची रेघ मारा. मग ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू फक्त अर्धा फेरा ढिला करा आणि परत रेघ मारा. दुसरी रेघ वर गेली, तर आजार सापडला. स्क्रू फिरवायला पातं खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल पात्याने खाच फाटली की पुढच्या माणसाची पंचाईत होते.

पण अर्धा फेरा ढिला करून रायफल वापरायला सुरुवात करायची, हा उपाय नव्हे. ढिल्या गार्डवर धक्क्याने पुढचं लाकूड चिरतं आणि गोळी कुठे लागेल याचा भरवसा राहत नाही. ढिला करणं हे फक्त निदानापुरतं.

रेघ वर गेली असेल तर पुढचा स्क्रू पूर्ण काढून त्या भोकात डोकावा. लाकडाच्या आत एक छोटी पोलादी नळी, म्हणजे कॉलर, दिसायला हवी. स्क्रू कितीही आवळला तरी गार्ड आणि बॉडी यांच्यातलं अंतर ठरल्यापेक्षा कमी होऊ नये, एवढंच तिचं काम. मी उघडलेल्या अशा रायफलींमध्ये ही कॉलर हरवलेली असणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार. कोणीतरी साफ करायला लाकूड काढतो, ती नळी घरंगळून पडते, आणि स्क्रू तिच्याशिवायही बसतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. रायफल त्या दिवशी चालते. कॉलर नसलेल्या लाकडाला दबायला चार-पाच पावसाळे लागतात, आणि तोवर कॉलर हरवणारा माणूस विस्मरणात गेलेला असतो.

दापोलीकडच्या एका बागायतदारांची रायफल माझ्याकडे आली तेव्हा नेमकं हेच झालेलं होतं, पण त्याआधी कोणीतरी सिअरचं नाक कानशीने टोकदार करून दिलं होतं. महिनाभर छान कॉक झाली म्हणे. मग एके दिवशी बोल्ट जोरात बंद केला आणि ट्रिगरला बोट नसताना सुटली. चेंबर रिकामं होतं हे सगळ्यांचं नशीब. सिअर आणि कॉकिंग पीसच्या खाचेला वरून फक्त पातळ कठीण थर असतो, आत पोलाद मऊ. कानस तो थर खाते. त्यानंतर प्रत्येक वेळी कॉक केल्यावर मऊ धातू मऊ धातूवर घासतो आणि कड झपाट्याने गोल होते. त्या रायफलीला शेवटी सिअर आणि कॉकिंग पीस दोन्ही नवे घालावे लागले. मूळ दोष होता एक बोटभर नळी नसण्याचा. हे मला अजून डाचतं, कारण त्या घरात लहान मुलं होती.

म्हणून लेथवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. आणखी एक कारण आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो. त्याच्या हाती रायफल देणं तुम्हालाही अडचणीत आणेल आणि त्यालाही. कॉलर बनवणं, दबलेल्या लाकडात कठीण लाकडाचा तुकडा बसवणं हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या, आणि रायफल सोपवताना त्याच्या नोंदवहीत नोंद आणि हातात पावती घ्या. कॉलरची लांबी ठरलेल्या मापाने कापून चालत नाही. त्या रायफलीवर लावून बघत कापायची असते: सिअर पूर्ण वर, आणि ट्रिगर त्याला न टेकता किंचित लटकता. ट्रिगर थोडा सैल लटकतो ही या रायफलीत चूक नाही, ती तशीच हवी.

आता दुसरी शक्यता, नाक सावकाश वर येण्याची. मेहुण्यांनी तेल कुठलं घातलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावायची जुनी रीत आहे, आणि नळीला बाहेरून लावलं तर फारसं बिघडत नाही. सिअरमध्ये गेलं तर बिघडतं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं आणि जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं. म्हणून एक साधा प्रश्न विचारतो: सकाळच्या गारव्यात कॉक होत नाही आणि दुपारी होते, असं आहे का? तसं असेल तर लाकडाआधी तेल धुवा. सिअर, त्याची खाच आणि बोल्टचा आतला भाग रॉकेलने धुऊन, पूर्ण सुकवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. थेंबच. बोल्टच्या आत ग्रीस अजिबात नको, त्याने स्ट्रायकरचा वेग मरतो आणि काडतुसाच्या टोपीवर हलका ठसा पडतो.

स्प्रिंगचंही सांगतो, कारण तुम्ही विचारलं आहे. सिअरची स्प्रिंग इंग्रजी व्ही आकाराची असते. तिचा एक पाय सिअरला दाबतो, दुसरा मॅगझिनच्या खटक्याला. त्यामुळे ती खरंच थकली असेल तर मॅगझिनचा खटकाही मऊ लागतो. तुमचं मॅगझिन घट्ट बसत असेल आणि खटका कडक असेल, तर स्प्रिंगवर पैसे घालवू नका. मोठी स्प्रिंग बदलण्याचा तर इथे संबंधच नाही. ती कमजोर असती तर रायफल कॉक झाली असती आणि काडतूस फुटलं नसतं.

बोल्ट कोणी खोलला आहे का, हेही घरात विचारा. स्ट्रायकर कॉकिंग पीसमध्ये आट्यांवर बसतो. परत घालताना एक फेरा कमी-जास्त झाला की त्याचं टोक बोल्टच्या तोंडातून चुकीच्या मापाने बाहेर येतं. .३०३ ला हे माप साधारण १ ते १.२५ मिलिमीटर असतं. जास्त आलं तर टोपी फाटते, कमी आलं तर फुटत नाही. सेफ्टीचा खटका आणि त्याच्या आतला पेचही तसाच, एक आटा चुकला की वरून सगळं बरोबर दिसतं आणि सेफ्टी काम करत नाही. बोल्टवरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का तेही पाहून घ्या. कोठारात एकाच वेळी अनेक रायफली असल्या की बोल्ट अदलाबदल होणं अशक्य नाही. क्रमांक जुळत नसेल तर काहीही न करता आधी ठाण्यात लेखी कळवा.

दुरुस्तीनंतर रायफल घरी आणण्याआधी गनस्मिथसमोरच रिकाम्या रायफलीवर तीन गोष्टी करून बघा. बोल्ट दहा वेळा मुद्दाम जोरात बंद करा, दहाही वेळा कॉक राहिली पाहिजे. कॉक करून दस्ता वीतभर उंचीवरून काथ्याच्या जाड चटईवर आपटा, सुटता कामा नये. मग सेफ्टी लावून ट्रिगर कचकचून ओढा, सोडा, सेफ्टी काढा. त्या क्षणी सुटली तर सेफ्टी सिअरला सांभाळत नाही. हे पार पडल्यावर साध्या स्प्रिंग काट्याने ट्रिगरची ओढ मोजा. सैनिकी .३०३ ला दोन टप्प्यांची ओढ असते, पहिली तीन-चार पाउंडांची आणि दुसरी पाच-सहांच्या आसपास. कोणी ‘हलकी करून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. शेतावर, घामेजल्या बोटांनी, अंधारात वापरायच्या रायफलीला हलका ट्रिगर लावणं मला मान्य नाही.

मॉझर बांध्याच्या रायफलीबद्दल थोडक्यात. ती हँडल उचलतानाच कॉक होते, म्हणून तिथे उचलताना जड लागणं बरोबर आणि बंद करताना हलकं लागणं बरोबर. ती कॉक राहत नसेल तर मी आधी ट्रिगर परत येतो का ते बघतो आणि मग कोणी ट्रिगरच्या स्क्रूंशी खेळलं आहे का ते. .२२ च्या स्पर्धेच्या रायफलीत ट्रिगरचा संच वेगळाच असतो आणि लाकडाशी त्याचा असा संबंध नसतो, शिवाय .२२ रिकामी वारंवार सोडू नये, स्ट्रायकर चेंबरच्या कडेवर आदळून ती कड दबते.

तेव्हा आधी बोल्ट काढून सिअरचं नाक दाबून बघा, मग कागदाच्या पट्टीवर दोन रेघा मारा. दोन रेघांमधलं अंतर, तेल कुठलं घातलं होतं, आणि पुढच्या स्क्रूच्या भोकात पोलादी नळी दिसली की नुसतं लाकूड, एवढं इथे लिहा. भोकात नुसतं काळं, तेलकट लाकूड दिसलं तर स्क्रू परत बोटाने बसेल एवढाच लावा, आवळू नका, आणि रायफल तशीच गनस्मिथकडे न्या.